पब, फूटपट्टी आणि ती तीन टक्क्यांची गोष्ट

कोविडच्या साथीच्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की एक दावा हमखास पुढे येतो. तो साधारण असा: "टेबलं लांब लांब मांडली, दारात सॅनिटायझर ठेवलं, गिऱ्हाइकांची नावं लिहून घेतली, की पब सुरक्षितपणे चालवता येतात. इंग्लंडने ४ जुलै २०२० ला पब उघडून हे करून दाखवलं. तिथे पबमधून झालेला संसर्ग जेमतेम ३ ते ५ टक्के होता. नंतरचे निर्बंध म्हणजे सरकारी आततायीपणा." आपल्याकडे परमिट रूम आणि बारच्या बाजूने बोलणारेही हाच दाखला देतात. त्यातलं एकेक वाक्य घेऊन पाहू.

"पबमधून संसर्ग फक्त ३ ते ५ टक्के"

सगळा डोलारा या आकड्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. आकडा खोटा नाही. 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही सरकारी संस्था दर आठवड्याला अहवाल काढायची, त्यातून तो उचलला आणि पबमालकांच्या संघटनांनी गावभर फिरवला. पण त्या तक्त्यात मोजलेलं काय होतं? आरोग्य यंत्रणेकडे तपासासाठी आलेल्या 'घटना'. अमुक वृद्धाश्रमात एक, तमुक शाळेत एक, एखाद्या कारखान्यात एक. एकूण घटनांपैकी इतक्या टक्के खाण्यापिण्याच्या ठिकाणी घडल्या, एवढाच त्याचा अर्थ. शंभर बाधितांपैकी तिघांना पबमध्ये लागण झाली, असं तो तक्ता कुठेही म्हणत नाही.

आता घटना नोंदली कशी जाते ते पाहा. वृद्धाश्रमात कोण राहतं हे माहीत असतं. शाळेत हजेरीपट असतो. तिथे दोघं-चौघं आजारी पडले की लगेच कळतं. पबमध्ये शनिवारी रात्री शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेली दोन अनोळखी माणसं बुधवार-गुरुवारी आपापल्या घरी तापाने फणफणतात. त्या दोघांचा धागा जोडणार कोण? नावं लिहून घेण्याची पद्धत होती, पण इंग्लंडमध्ये ती कायद्याने सक्तीची झाली १८ सप्टेंबर २०२० पासून. तोवर पब उघडून अडीच महिने झाले होते. शिवाय बाधित माणसाला मुख्यतः विचारलं जायचं ते लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून तू कोणाकोणाला भेटलास, हे. म्हणजे त्याच्याकडून रोग कोणाकडे गेला असेल याचा शोध. त्याला तो आला कुठून, हा प्रश्न बहुतेक वेळा बाजूलाच राहायचा. जिथे शोधलंच नाही, तिथे सापडलं नाही, याचं नवल काय?

जिथे शोधलं तिथे काय दिसलं, ते स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात कळतं. स्कॉटलंडने पबच्या आतल्या खोल्या उघडल्या १५ जुलैला. तेव्हा रुग्ण इतके थोडे होते की तपास करणाऱ्यांना एकेकाच्या मागे जाता येत होतं. ५ ऑगस्टला शहरावर पुन्हा निर्बंध आले. एका बारशी जोडलेले ५४ रुग्ण सापडले होते आणि त्यांच्या फिरण्यात वीसहून अधिक पब व उपाहारगृहं होती. लोक एका पबमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. हे अंतराच्या कुठल्याही नियमात बसत नाही.

मोजण्याची दुसरी रीतही होती. बाधित आणि अबाधित अशा दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारायचे आणि फरक पाहायचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये असा एक अभ्यास छापला. त्यात ३१४ प्रौढ होते. दुकानात जाणं, घरी छोट्या गटात भेटणं, यांत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. हॉटेलात जाऊन खाल्लेलं असण्याची शक्यता मात्र बाधितांमध्ये जवळपास दुप्पट निघाली. अभ्यास लहान होता, आत बसले की अंगणात हेही विचारलेलं नव्हतं. त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरी "तीन टक्के" म्हणून हात झटकता येणार नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

"वेदरस्पूनमध्ये ४१ हजार कर्मचाऱ्यांत फक्त ६६ बाधित"

हाही आकडा खराच. वेदरस्पून ही तिथली मोठी पबसाखळी आणि तिचे प्रमुख टिम मार्टिन हे निर्बंधांचे सर्वांत बोलके विरोधक. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की ८६१ पबमधल्या ४१,५६४ कर्मचाऱ्यांपैकी ६६ जण बाधित आढळले. पण तो उन्हाळा होता. साथ तळाला होती, जुलैच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हजारात एकही माणूस बाधित नव्हता. चाचणी व्हायची ती मुख्यतः लक्षणं असणाऱ्यांची आणि पबमधले बरेच कर्मचारी तरुण, त्यांना लक्षणं कमीच. शिवाय हे कर्मचारी झाले. गिऱ्हाइकांचं काय झालं, हे या आकड्याला ठाऊकच नाही. भर उन्हाळ्यात छप्पर गळत नाही म्हणून पावसाळ्याची हमी देता येत नसते.

"एक मीटर अंतर ठेवलं की झालं"

२३ जून २०२० ला तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दोन मीटरचं अंतर "एक मीटर अधिक काळजी" असं खाली आणलं. कारण उघड होतं: दोन मीटर पाळले तर बहुतेक पबमध्ये गल्ला भरण्याइतकी माणसंच बसत नव्हती. म्हणजे अंतर आधी धंद्याच्या गणितातून आलं आणि विज्ञान मागाहून त्यात बसवलं गेलं. मला यात लबाडी दिसत नाही, धंदा जगवणं हीसुद्धा सरकारची जबाबदारीच. पण मग त्याला "सुरक्षित" हा शब्द लावायला नको होता.

चीनमधल्या ग्वांगचौच्या एका हॉटेलातली २४ जानेवारी २०२० ची गोष्ट तोवर छापून आली होती. तीन कुटुंबं शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवायला बसली होती, टेबलांमध्ये अंतर सुमारे एक मीटरच. एका बाधितासह पुढे त्यातले दहा जण आजारी पडले. एसीचा झोत तीच हवा त्या टेबलांवर फिरवत होता आणि बाहेरची हवा आत येतच नव्हती. त्याच मजल्यावरच्या इतर टेबलांवरचं कोणी आजारी पडलं नाही. पुढे दक्षिण कोरियातल्या जेओंजू शहरात तर साडेसहा मीटरवर बसलेल्या गिऱ्हाइकाला लागण झाली, तीही दोघं मिळून पाच मिनिटं एका खोलीत होती तेवढ्यात. तिथेही एसीच्या झोताची दिशा कारणीभूत ठरली. मोठे थेंब एक-दोन मीटरवर खाली पडतात हे खरंच. पण बारीक कण तरंगत राहतात आणि बंद खोलीत ते साचत जातात.

त्यात पब म्हणजे मोठ्याने बोलण्याची जागा. आवाज चढतो तसे तोंडातून बाहेर पडणारे कणही वाढतात. पिताना मास्क काढावाच लागतो. बैठक दोन-तीन तासांची असते आणि दुसऱ्या पेल्यानंतर फूटपट्टी कोणाच्या लक्षात राहते? ४ जुलैची रात्र रस्त्यावर काढलेले पोलीस संघटनेचे अध्यक्ष जॉन ॲप्टर यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितलं की प्यायलेली माणसं अंतर पाळू शकत नाहीत, पाळणारही नाहीत. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या पबमध्ये गिऱ्हाईक म्हणून बसून निरीक्षणं केली. बऱ्याच ठिकाणी मांडणी बदललेली होती, पाट्या होत्या. आणि तरीही मिठ्या, ओरडून बोलणं, एका टेबलावरून दुसऱ्यावर जाणं चालू होतं. कर्मचारी अडवायला क्वचितच जात होते. ते कसे जाणार? गिऱ्हाइकाला खूश ठेवणं हेच त्यांचं काम.

"नियम पाळणाऱ्या मालकांना शिक्षा का?"

हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण नियम पाळले म्हणून रोग थांबला, असं त्यातून निघत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंग या विद्यापीठाच्या गावात एका ब्रू-पबने (जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबने) जून २०२० मध्ये क्षमता निम्म्यावर आणून दार उघडलं. त्या एका जागेशी दीडशेहून अधिक रुग्ण जोडले गेले. त्याच महिन्यात टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांना बार पुन्हा बंद करावे लागले आणि ते घाईने उघडल्याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. निर्बंधांची हौस असलेले हे गृहस्थ नव्हेत.

"पब बंद केले तर लोक घरी पार्ट्या करतील"

यात तथ्य आहे, थोडंफार. घरात काउंटरमागे कोणी नसतं, वेळेचं बंधन नसतं. पण घरी माणसं किती मावणार? आणि ती एकमेकांच्या ओळखीची असतात, कोणी आजारी पडलं तर फोन करून सांगता येतं. पबमध्ये एकमेकांशी काही संबंध नसलेले गट एकाच हवेत मिसळतात, आणि साथ पसरायला तेवढं पुरतं. "बहुतेक संसर्ग तर घरातच होतो" असंही वर म्हटलं जातं. होतो, पण घरात तो पहिल्यांदा कोणीतरी बाहेरून आणतं.

"निर्बंध मूर्खपणाचे होते"

काही होतेच. २४ सप्टेंबरपासून रात्री दहाला पब बंद करण्याचा नियम आला आणि दहा वाजता सगळे एकदम रस्त्यावर, मग एकाच बसमध्ये. डिसेंबरमध्ये भरपेट जेवणाबरोबरच दारू, असा नियम निघाला तेव्हा स्कॉच एग (खिम्यात गुंडाळून तळलेलं अंडं) हे जेवण की चखणा यावर मंत्र्यांना खुलासे करावे लागले. आयर्लंडमध्ये तर जेवण किमान नऊ युरोंचं असेल तर पब उघडा, असं ठरलं होतं. विषाणूला बिल दाखवायचं होतं की काय! शिवाय जे ब्रिटिश सरकार पबवर बोट ठेवत होतं, त्यानेच ऑगस्टमध्ये हॉटेलात जेवायला जा म्हणून निम्मं बिल भरलं होतं. वॉरिक विद्यापीठाचे थीमो फेत्सर यांचा अंदाज असा की त्या काळातल्या नव्या रुग्णसमूहांपैकी ८ ते १७ टक्के या योजनेमुळे झाले. सरकारने तो अमान्य केला. पण नियम वेडगळ होते म्हणून उघडा पब सुरक्षित ठरत नाही.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२० पासून बार आणि हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली. लगेच आठवड्याभरात राज्यपालांचं मुख्यमंत्र्यांना पत्र गेलं: बार उघडे आणि देव मात्र कुलपात! वाद पेटला तो पावित्र्यावर. कोणत्या खोलीत हवा खेळते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला नाही. मोकळं देवळाचं आवार एसी लावलेल्या बंद बारपेक्षा बरं आणि कोंदट गाभारा त्या बारइतकाच वाईट, असं म्हणणाऱ्याला दोन्हीकडून जोडे बसले असते.

ब्रिटनशी तुलना करताना एक गोष्ट हटकून गाळली जाते. तिथे पब बंद असताना घरी बसवलेल्या कर्मचाऱ्याला सरकार महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत पगाराच्या ८० टक्के देत होतं. मुंबई-पुण्यातल्या वेटरला असं काही नव्हतं. मार्च २०२० नंतर मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी, असंख्य जण गावी गेले. इथल्या मालकांचा आणि कामगारांचा जीव मेटाकुटीला आला होता हे खरं. त्यावर उतारा पैशाचा होता. तो मिळाला नाही म्हणून "आम्ही सुरक्षित आहोत" हे वाक्य पुढे करावं लागलं.

सुरक्षिततेच्या जवळ जाणारे काही मार्ग होते. उघड्या अंगणातल्या बाकांवर धोका बराच कमी होता. म्हणूनच इंग्लंडने पुढच्या खेपेला आधी अंगणं उघडली, १२ एप्रिल २०२१ ला, आणि आतल्या खोल्या १७ मेला. तोवर लसीही आल्या होत्या. बेल्जियमने २०२१ च्या उन्हाळ्यात हॉटेलं-बार आतून उघडताना कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र गिऱ्हाइकांना दिसेल असं लावणं सक्तीचं केलं. हा वायू माणसांच्या श्वासातून बाहेर पडतो, तो साचला म्हणजे खोलीत हवा खेळत नाही. दहा लाख भागांत ९०० भागांच्या वर आकडा गेला की हवा खेळती करण्याची तजवीज करायची आणि १,२०० च्या वर गेला की जागा बंद.