मुंतखब आणा

इनामाची वर्ग दोनची जमीन, म्हणजे सरकारला विचारल्याशिवाय विकता न येणारी, वर्ग एक करून घ्यायची, एवढंच काम होतं. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी वर न बघता विचारलं, "मुंतखब आणला का?"

मी पिशवीत बघितलं. आधार होतं, फेरफार होता, खासरा पत्रक होतं, बायकोनं दिलेल्या दशम्या होत्या. मुंतखब नव्हता.

"मुंतखब म्हणजे काय असतं, भाऊसाहेब?"

"ते तुम्हाला माहिती पाहिजे. जमीन कुणाची हाय?"

पुण्याकडचे पाहुणे इनामाचा विषय निघाला की सनद म्हणतात. काम होवो न होवो, निदान उच्चार तरी जमतो. आमच्या गावात मुंतखबाचा मुक्ताप झालाय, मुंथाप झालाय, आणि एका चुलतभावाच्या मते तो मुनतकब नावाचा कुणी जुना तहसीलदार होता.

शेवटी आजोबांच्या पेटीतून एक उर्दू कागद निघाला. अक्षर कुणालाच लागेना, पण पुतण्यानं कुठून तरी आकडे शिकून घेतले आणि सन वाचला : 1344. "काका, तुघलकाच्या काळातलं हाय हे!" तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली 1327 मध्ये. म्हणजे ती मंडळी सामान लावतायत तोवर आमच्या पणजोबांनी इनाम पदरात पाडून घेतलेलं! दिवस मावळायच्या आत अर्धं गाव कागद बघून गेलं.

उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या मास्टरसाबांनी आमचं वैभव सहाशे वर्षांनी खाली आणलं. सन निजामाच्या दफ्तरातला, फसली, म्हणजे महसुली वर्षाचा. त्यात 590 मिळवायचे. आलं 1934. मग ते म्हणाले, "मुंतखब बोले तो चुना हुआ. इंतखाब का भाई."

इंतखाब म्हणजे निवडणूक, हे चुलत्यांना ठाऊक होतं. "म्हणजे आबा निवडून आले होते!" निजामाच्या राज्यात, कुणाच्या विरोधात, किती मतांनी, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. भाच्याचा कतारहून फोन आला. तिकडं अरबीत मुंतखब म्हणजे देशाची फुटबॉल टीम. हे मी चुलत्यांना सांगितलं नाही.

मास्टरसाबांनी उलगडून सांगितलं ते असं : निजामाच्या अतियात खात्यात इनामाची चौकशी व्हायची. मिसल, म्हणजे फाइल, फुगत जायची. तिच्यातलं कामाचं तेवढं, म्हणजे इनामदार कोण, सर्वे नंबर कोणता, क्षेत्र किती, इनाम कशासाठी, हे निवडून एका कागदावर उतरवायचं. तो मुंतखब. अरबस्तानात हा शब्द मैदानात गेला, उर्दूत शायराच्या निवडक गझलांना चिकटला, निवडून आलेल्या मेंबराला लागला. मराठवाड्यात येऊन मात्र शेताच्या बांधावर बसला. निजाम गेला, 1948 गेलं, 1952 चा अतियात चौकशीचा कायदा आला, तरी हा हलला नाही. आता बोअरला पाणी लागलं का विचारावं तसं लोक विचारतात, "मुंतखब लागला का?"

खरी मेख पुढंच होती. इनाम मदतमाश की खिदमतमाश? माश म्हणजे उपजीविका. मदत असेल तर ती घराण्याची, वाट निघते. खिदमत असेल तर ती देवाच्या सेवेची. मग मालक मारुतीराया, आम्ही नुसते दिवाबत्तीवाले. मास्टरसाबांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. 'माश' शाबूत होतं. त्याच्या आधीचं कसरीनं खाल्लं होतं. अख्ख्या कागदात तिला तेवढाच शब्द गोड लागला.

म्हणून नकलेचा अर्ज. अर्जाला तिकीट, तिकिटाला पावती, पावतीला पुढची तारीख. मधे दफ्तराचा बाबू रजेवर, मग उर्दू वाचणारा बाबू रजेवर, मग दोघंही हजर पण किल्ली रजेवर. नक्कल एकदाची निघाली. 'मदत' असं स्वच्छ लिहिलेलं. चुलत्यांनी मारुतीला नारळ फोडला, हे मला जरा निर्दयपणाचं वाटलं.

नकलेचं मराठी भाषांतर एका शुद्ध मराठीच्या अभिमानी गृहस्थांकडून करून घेतलं आणि सगळी चवड भाऊसाहेबांपुढं ठेवली. त्यांनी पहिलंच पान उचललं. वर ठळक मथळा होता : 'निवडक उतारा'.

"हा तर नुसता उतारा हाय," भाऊसाहेब म्हणाले, "मुंतखब आणा."