‘थोडंसं खाल्लं तर काय होतं?’ : फिरत्या मजकुराला उत्तर

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ग्लुटेनचा (गव्हासारख्या धान्यातल्या प्रथिनाचा) त्रास ही शहरातली नवी हौस आहे, आजी-पणजीच्या काळी तो कुणालाच नव्हता. झालाच तर संकरित गव्हामुळे होतो आणि खपली गहू खाल्ला की जातो. थोडं थोडं खात राहिलं की सवय होते. शंका असेल तर पंधरा दिवस गहू सोडून बघा. आणि बाहेर जेवताना पोळी तेवढी बाजूला ठेवा, बाकी सगळं चालतं.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. हा मजकूर मला पाठवणारी माणसं आमच्यावर जीव लावणारी आहेत, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी एक गोष्ट वेगळी करू. मजकुरात तीन निरनिराळे त्रास एकाच पिशवीत भरले आहेत. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी तिथली मखमलीसारखी लव झडून अस्तर सपाट होतं. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी. तिच्यात काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. तिसरा प्रकार ग्लुटेन न सोसण्याचा. त्यात आतड्याला अशी इजा दिसत नाही, रक्ताची ठरावीक तपासणीही नाही, पण पोटफुगी, दुखणं, थकवा खरा असतो. यातल्या काहींना ग्लुटेनपेक्षा गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा त्रास होतो, असंही अभ्यासात दिसलं आहे.

‘ही नवी हौस आहे.’

सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन १८८८ मध्ये केलं. गव्हाशी त्याचा संबंध जोडला नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. डिके यांचा प्रबंध १९५० चा आहे.

वजन कमी करायला म्हणून ग्लुटेन सोडणारे लोक आहेत, हे मात्र खरं. तो त्यांचा प्रश्न. पण त्यांच्यामुळे हॉटेलातल्या माणसाला आमचं सांगणंही हौसच वाटतं, आणि त्याची किंमत आजारी माणूस मोजतो.

‘आजीच्या काळी नव्हतं.’

आजीच्या काळी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत रोज काय शिजत होतं? देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी. गव्हाची पोळी सणाची, पाहुण्यांची. घरोघरी रोज पोळी आली ती पुढे, गहू स्वस्त आणि मुबलक झाल्यावर.

देशातल्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिलिअ‍ॅककडे बोट दाखवणाऱ्या अँटिबॉडी उत्तरेत १.२३ टक्के लोकांच्या रक्तात सापडल्या, दक्षिणेत ०.१० टक्के. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. या आजाराला लागणारे जनुक मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होते. गहू हेच एकमेव कारण असंही नाही, कारण ईशान्येत गहू कमी खाऊनही प्रमाण ०.८७ टक्के निघालं. पण आपल्या ताटात गहू वाढला आणि आजार दिसू लागला, यात नवल काही नाही.

शिवाय आजीच्या काळी तपासणीच नव्हती. खाऊनही अंगी न लागणारं मूल, कायम जुलाब, न वाढणारी उंची, गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग: घराघरांत ‘त्याची प्रकृतीच तोळामासा’ म्हणून विषय संपायचा. अशी किती मुलं मोठी झालीच नाहीत, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

‘खपली खा, देशी गहू खा.’

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. बन्सी, शरबती, लोकवन, सगळ्यांत आहे. रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया म्हणजेही गहूच. खपलीची खीर कुणाच्या पोटाला हलकी वाटत असेल, पण सिलिअ‍ॅकच्या माणसाच्या आतड्याला ती इजाच करते. संकरित गव्हाचा दोष म्हणावा, तर गी यांचं वर्णन हरितक्रांतीच्या पाऊणशे वर्षं आधीचं आहे.

‘थोडं थोडं खाल्लं की सवय होते.’

मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर सिलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचं इटलीतल्या एका अभ्यासात २००७ मध्ये दिसलं. कणकेत ग्लुटेन साधारण दहा टक्के धरलं, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. चिमूटभर. पोळपाटाला लागलेल्या पिठीइतकी. तेवढ्याने पोट दुखेलच असं नाही. मूल खेळत असतं, हसत असतं, आणि आत अस्तर झिजत असतं. म्हणून ‘बघ, काही झालं नाही ना?’ हा पुरावा होत नाही.

सवयीची कल्पना आली कुठून, तेही सांगते. २०१५ मध्ये लंडनमध्ये ६४० तान्ह्या बाळांवर झालेल्या अभ्यासात, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले तर पुढे त्याची अ‍ॅलर्जी खूप कमी होते, असं आढळलं. ती अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणूनची गोष्ट, तीही तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ज्याला शेंगदाण्याने श्वास लागतो त्याला घरच्या घरी दाणा चाखायला देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि सिलिअ‍ॅकमध्ये सवय नावाचा प्रकारच नाही.

आपल्याकडे हे ‘थोडंसं’ प्रेमाच्या वाटेने येतं, त्यामुळे नाही म्हणणं जास्त जड जातं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा शिरा असतो. प्रसादाला नाही म्हणू नये, एक बोटभर तरी घ्यावा, असं मोठी माणसं म्हणतात. मुलगी माझ्याकडे बघते. आम्ही तिच्यासाठी केळं किंवा खडीसाखर देवापुढे ठेवायला सांगतो. बहुतेक घरांतून ती आनंदाने ठेवली जाते. एकदा सांगितल्यावर पुढच्या वर्षी आठवणीने वेगळी वाटी ठेवणाऱ्या काकू मला माहीत आहेत. त्यांना हा मजकूर पटू नये, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

‘पंधरा दिवस गहू सोडून बघा.’

तपासणीआधी गहू सोडू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन होणारी तपासणी, दोन्हींना शरीरात ग्लुटेन जात असावं लागतं. आधीच सोडलं तर आजार असूनही तपासणीत तो न दिसण्याची शक्यता असते आणि तो वर्षानुवर्षं निसटतो. घरात एकाला निघाला, तर आई-वडील आणि भावंडांनीही तपासून घ्यावं. त्यांना धोका इतरांहून बराच जास्त असतो.

‘बाहेर फक्त पोळी सोडा.’

दिसणारा गहू सोडणं सोपं आहे. न दिसणाऱ्याचं काय?

हिंगाचं घ्या. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा शुद्ध नसतो, तो पिठात कालवलेला बांधानी हिंग असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. म्हणजे वरण, आमटी, मठ्ठा, लोणचं, पापड, सगळीकडे गहू पोचला. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण हॉटेलच्या फोडणीत कोणता पडला हे आचाऱ्यालाच ठाऊक.

थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. ज्वारीची भाकरी कागदावर निर्धोक, पण काही ठिकाणी ती लाटता यावी म्हणून पिठात कणीक मिसळतात, आणि पोळीच्याच तव्यावर भाजतात. पीठ दळलं त्या गिरणीत आधी गहू दळला असेल तर जात्यात उरलेला गहू ज्वारीत येतोच. ‘ज्वारीवर ज्वारी टाका, गव्हावर नको’ असं बायका पूर्वीपासून गिरणीवाल्याला सांगतात. आम्हाला तेवढ्याने भागत नाही, घरी छोटी गिरणी घ्यावी लागली. बटाटेवडा बेसनाचा, पण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात. तेल कितीही तापलं तरी ग्लुटेन नाहीसं होत नाही. चायनीजमधल्या नेहमीच्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांची आपल्या राज्यात याहून कठीण अवस्था आहे. कोशिंबीर, भरली वांगी, उसळ, साबुदाण्याची खिचडी, वड्याबरोबरची सुकी चटणी, सगळ्यांत कूट. ‘दाणे घालू नका’ म्हटलं की वरचे अख्खे दाणे वेचून ताट परत येतं, कूट तसंच. इथे चूक झाली तर वेळ मिनिटांची असते. श्वास लागला, चक्कर आली, उलट्यांसह गांधी उठल्या, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. अ‍ॅलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळी देऊन ‘बघू थोडा वेळ’ म्हणत थांबू नका.

नियमांची मदत अर्धीच आहे. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांची माहिती द्यावी, असाही नियम आहे. कोपऱ्यावरची खाणावळ, लग्नाची पंगत, देवळातला महाप्रसाद यांना तो पोचत नाही. तिथे विचारावंच लागतं. ‘ग्लुटेन आहे का?’ असं आम्ही विचारत नाही, कारण उत्तर हमखास ‘नाही’ येतं. गर्दी व्हायच्या आधी जातो आणि आचाऱ्याशी बोलतो: हिंग कोणता, या कढईत आज काय काय तळलं, रस्सा दाट करायला काय घातलं, भाकरीचा तवा वेगळा मिळेल का. हिंगाची डबी बघायला मागतो. काही जण वैतागतात, मग आम्ही दही-भात घरून आणलेला असतो तो खातो. काही जण आत जाऊन डबी घेऊन येतात, तवा घासून घेतात. त्या जागी आम्ही पुन्हा जातो.