थायलंडच्या क्राबीला दोन्ही कार्डं बंद पडली, त्या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी दुकानात परत वाचला आणि काउंटरवरच्या पोरांना पण वाचून दाखवला. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की आईबाबांना आमच्याकडून थायलंडला पाठवलं, फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून दिलेलं कार्ड) चाललं नाही, कार्ड विकायचं म्हणून आम्ही रोख मुद्दाम कमी दिली, एटीएमवर दर वेळी पैसे कापले गेले आणि क्राबीहून फोन केला तर कोणी उचलला नाही. यातलं 'मुद्दाम' सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. साठीच्या पुढची दोन माणसं पहिल्यांदा देशाबाहेर गेली आणि फिरायचं सोडून पैशाच्या काळजीत राहिली, हे मला फार लागलं. काकाजी आणि काकूंची मी मनापासून माफी मागतो.

आज काकाजींशी पाऊण तास फोनवर बोललो तेव्हा नेमकं काय झालं ते कळलं. फॉरेक्स कार्डात पैसे पूर्ण होते, पण पिन सेटच नव्हता. आमच्या पोरानं कार्ड देताना सांगितलं की काकाजी घरी गेल्यावर ॲपमधून पिन टाकून घ्या, आणि काकाजी हो म्हणाले. घरी पॅकिंग, नातेवाईक, त्या गडबडीत ते राहून गेलं. बँकॉकला उतरल्यावर त्यांनी विमानतळावर तिथलं सिम घेतलं आणि आपलं भारतातलं सिम काढून काकूंच्या पर्समध्ये ठेवलं. आता पिन सेट करायला ओटीपी लागते आणि ती येते त्या पर्समधल्या सिमवर, ज्यावर रोमिंग पण चालू नव्हतं. काकाजी एटीएमसमोर उभं राहून ओटीपीची वाट पाहून राहिले आणि ती येणारच नव्हती. ही चूक काकाजींची नाही. पिन सेट करून, निदान इथे नागपुरात बर्डीतल्या एखाद्या एटीएमवर बॅलन्स पाहून मगच त्यांना सोडायला पाहिजे होतं. कार्ड हातात दिलं, सही घेतली आणि आम्ही मोकळे झालो.

दुसरं त्यांचं नेहमीचं बँकेचं डेबिट कार्ड, ज्याच्या भरवशावर ते होते. ते निघतानाच परदेशासाठी बंद होतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतात चालतं, बाहेर वापरायचं तर आपणच ॲपमधून किंवा बँकेत सांगून इंटरनॅशनल चालू करायचं आणि लिमिट पण ठरवायचं. नियम चांगलाच आहे, चोरीच्या कार्डाचा बाहेर वापर होत नाही, पण ज्याला माहीत नाही तो तिथे जाऊन अडकतो. बँक वेगळी असली तरी तिकीट, हॉटेल सगळं आमच्याकडून घेतलं होतं, तर हे विचारणं आमचं काम होतं आणि आम्ही विचारलं नाही.

मग उरलं काकूंचं क्रेडिट कार्ड. त्यावरून काकाजींनी रोज २००० बाट (तिथलं चलन) असे पाच वेळा काढले, खिशात जास्त ठेवायची भीती वाटत होती म्हणून. तिथल्या एटीएमनी परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट लावले, म्हणजे ११०० बाट नुसते काढायचे गेले, तेच १०,००० एकदम काढले असते तर २२० मध्ये झालं असतं. वरून मशीन विचारते की रक्कम रुपयात लावू का, आणि रुपयाचा आकडा समोर दिसला की आपल्या माणसाला बरं वाटतं, काकाजींनी तेच दाबलं. ते कधीच दाबायचं नाही, कारण तो रेट त्या मशीनवाल्याचा असतो आणि महाग पडतो. 'विदाउट कन्व्हर्जन' घ्यायचं, दुकानातल्या मशीनवर पण तिथलंच चलन निवडायचं. हा २२० बाटचा चार्ज आमच्याकडे येत नाही भाऊ, तो तिथल्या बँकेचा आहे, पण तो लागतो हे आधी सांगायला काय जात होतं, काहीच नाही.

आता रोख. नियमानं एका ट्रिपला ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, त्यामुळे जास्त देता आली असती हे खरं. मी कमी द्यायला सांगितलं ते पाकीट गेलं तर सगळं जाऊ नये म्हणून, आणि ते मी आजही सांगीन. पण दोघांना सहा दिवसांसाठी ४००० बाट हा माझा अंदाज चुकला. क्राबीला लांब शेपटीच्या बोटी, रस्त्यावरचं जेवण, सगळं रोखीवर चालतं. आपल्याला इथे धरमपेठेत चहावाल्याला पण युपीआय करायची सवय, तिथे स्टॉलवर क्यूआर दिसतो पण तो त्यांच्या प्रॉम्प्टपेचा, म्हणजे तिथल्या युपीआयसारख्या सोयीचा असतो, आपलं ॲप त्यावर चालेल असं धरून जाता येत नाही. १०,००० द्यायला पाहिजे होते.

फोनचं असं की त्यांनी तिथल्या सकाळी साडेसातला लावला, तेव्हा आपल्याकडे सहा वाजले होते आणि तो मोबाईल रात्री दुकानात कुलुपात असतो. आजपासून गिऱ्हाइकाला देतो त्या प्रत्येक फोल्डरवर माझा घरचा नंबर लिहून देऊन राहिलो. आणि पिन टाकून, इंटरनॅशनल चालू आहे का पाहून, रोमिंगचं विचारूनच माणूस काउंटरवरून उठेल, मग अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

तुम्हाला घाईचं एक सांगतो. काकूंच्या क्रेडिट कार्डाच्या बिलाची तारीख यायची वाट पाहू नका, आजच भरून टाका. खरेदीला दिवस मिळतात तसे रोख काढल्यावर मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. ११०० बाट आणि त्या पाच वेळांचे कार्डावर लागलेले चार्जेस, व्याजासकट, मी देतो. फॉरेक्स कार्डात पडून असलेली रक्कम पुढच्या ट्रिपला ठेवायची असेल तर ठेवा, नसेल तर ज्या रेटनी भरली त्याच रेटनी परत करतो, फरक माझा. रिव्ह्यू काढायची गरज नाही, राहू द्या, दुसऱ्या कोणाच्या कामात येईल.

काकाजींना उन्हात धरमपेठेला बोलावू नका. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः घरी येतो, कार्ड आणि स्टेटमेंट तेवढं काढून ठेवायला सांगा.