खानदेशातल्या लॉनला चुना कोण लावतंय?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आठवड्यात चार जणांनी एकच मेसेज टाकला. 'मेलेलं लॉन १५ दिवसांत हिरवंगार!' आणि त्याखाली सहा उपाय. रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी शिंपडा. चुना पसरा, मातीची आम्लता आणि शेवाळ दोन्ही जातील. गवत अगदी बुडापासून कापा. मूठ मूठ युरिया फेका. तणावर खडे मीठ टाका. आणि एवढं करूनही पिवळंच राहिलं तर मेलं समजून उपटा, मेक्सिकन गवताची चटई अंथरा.

तिसऱ्या दिवशी समोरचे आप्पा चुन्याची गोणी घेऊन आले, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

सुरुवात चुन्यापासूनच करतो, कारण बाकीच्या बहुतेक उपायांनी नुसतं पाणी नाहीतर पैसे वाया जातील, चुना मात्र मातीत मुक्कामाला राहतो. मेसेजमधला एकच शब्द नीट वाचा: शेवाळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, धुळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि इथल्या लॉनवर म्हणे शेवाळ! हा सल्ला कुठल्यातरी थंड, ओल्या मुलखातला आहे. तिथे पावसाने मातीतला चुना वर्षानुवर्षं धुऊन जातो, माती आंबट होते, गवत विरळ होतं आणि त्या जागी शेवाळ धरतं. तिथे चुना टाकणं बरोबरच आहे. आपल्याकडे कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथेही हा विचार करता येईल. पण तापी-गिरणेच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) सहसा ७.५ ते ८.५ असतो, म्हणजे ती आंबटाच्या उलट, अल्कधर्मी. विहीर खणताना चुनखडीचे पांढरे खडे निघालेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खात्री करायची असेल तर घरातच करा. बागेतली कोरडी माती चमचाभर घ्या, बारीक करा, वर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. चुरचुर आवाज आला किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळा चुना भरपूर आहे, तुमच्या गोणीची तिला गरज नाही. नेमका आकडा हवा असेल तर मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात द्या. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला केंद्रं आहेत.

पुष्कळदा या चुन्यामुळेच आपलं लॉन पिवळं दिसतं, ही खरी गंमत. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग नवी पाती पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर आणखी चुना टाकणं म्हणजे पित्त झालेल्याला मिरचीचा ठेचा वाढणं. इलाज उलटा आहे: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारायचं. जमिनीत टाकलं तर तेही चुन्यात अडकतं, म्हणून फवारणीच बरी. द्रावण ताजं वापरा, त्यात थोडं लिंबू पिळा आणि फरशीवर उडू देऊ नका. तांबडे डाग पडतात आणि मग घरात जे ऐकावं लागतं त्यावर कुठलीच फवारणी चालत नाही.

आता पाणी. रोज दोन वेळा शिंपडल्याने माती वरची बोटभरच भिजते. मुळं ओलाव्याच्या मागे जातात, म्हणून तीही वरच राहतात आणि मेच्या उन्हात तोच थर सगळ्यात आधी तापतो. एक दिवस नळ आला नाही की गवत माना टाकतं. यावर आप्पांचा प्रश्न रास्त होता: 'केळीला आपण रोज ठिबक चालवतोच ना?' चालवतो. पण उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला रोज १५-२० लिटर पाणी जातं, तेही थेट मुळाशी, पानांच्या सावलीत. त्याला शिंपडणं म्हणत नाहीत.

लॉनचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. मे महिन्यात तीन-चार दिवसांनी एकदा २० मिलिमीटर द्या. ५०० चौरस फुटांच्या लॉनला हे ९३० लिटर होतं, म्हणजे हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी. फवाऱ्याने देत असाल तर मध्ये सरळ कडांची दोन-तीन पातेली ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. काळी माती आधी भेगांमधून घटाघटा पिते आणि एकदा फुगली की तोंडच मिटते, म्हणून निम्मं पाणी द्या, तासभर थांबा, मग उरलेलं. वेळ पहाटेची. त्याआधी कुजलेलं, चाळलेलं शेणखत भेगांत भरून घ्या, नाहीतर पाणी मुळांना वळसा घालून खाली निघून जातं.

एवढं पाणी आणायचं कुठून? आमच्याकडेही नळ रोज येत नाही. मग सरळ मान्य करायचं की यंदा मेमध्ये लॉन हिरवं राहणार नाही. दहा-बारा दिवसांनी १० मिलिमीटर मिळालं तरी हरळीच्या, म्हणजे बहुतेक लॉनमध्ये असतं त्या गवताच्या, गाठी जिवंत राहतात. रंग जातो, जीव जात नाही. टँकर मागवून लॉन भिजवणं मला तरी पटत नाही.

बुडापासून कापण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, एकदा खोल कापणी करून जुना वाळका थर काढला तर हरळी जोमाने फुटते. पण हेच मेमध्ये केलं तर उघड्या पडलेल्या खोडांना ऊन भाजून काढतं. एरवी एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त कापू नये आणि उन्हाळ्यात चार-पाच सेंटिमीटर उंची राहू द्यावी. कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र मातीत परत जातं.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. एका मुठीत साधारण ४०-५० ग्रॅम बसतो आणि तेवढा चार-पाच चौरस मीटरला पुरतो. म्हणजे ५०० चौरस फुटांना महिन्याला अर्धा किलो, तोही गवत वाढीला लागलेलं असताना. तापलेल्या चुनखडीच्या मातीवर युरिया नुसता फेकून ठेवला तर त्यातलं बरंच नत्र वायू होऊन उडतं आणि ओल्या पात्यांना चिकटलेले दाणे पाती जाळतात. पाऊस पडून गेल्यावर टाका, लगेच पाणी द्या. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे थंडीने लॉन पिवळं पडतं, त्याला युरिया पाजू नका. ते झोपलेलं असतं.

मिठाबद्दल थोडक्यात. तण म्हणजे आपल्याकडे मुख्यतः लव्हाळा, आणि त्याच्या गाठी जमिनीत एकाखाली एक माळेसारख्या असतात. वर टाकलेल्या मिठाने त्यांना काही होत नाही. मिठातलं सोडियम मात्र काळ्या मातीला चिकट आणि दगडासारखी घट्ट करतं. बोअरचं पाणी आधीच मचूळ असेल तर विचारूच नका. लव्हाळा खुरप्याने गाठीसकट काढायचा, पुन्हा आला की पुन्हा काढायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आणि शेवटचा उपाय, उपटून टाका. आमचे वडील शेतात उन्हाळ्याची खोल नांगरट करायचे ती कुंदा, हरळी आणि लव्हाळ्यासाठी. ढेकळं उन्हात तापवायची, काड्या वेचायच्या, तरी पहिल्या पावसाला हरळी परत हजर. मी लॉन वाळलं म्हणून रडत होतो तेव्हा ते पायरीवर बसून एवढंच म्हणाले, 'हाई हरयी शे भाऊ, मरस नही.' जी आयुष्यभर उपटली तीच पोराने पैसे देऊन दारात लावली, हे त्यांना अजून पचलेलं नाही. बहुतेकांच्या लॉनमध्ये ही हरळी किंवा तिचीच निवडक जात असते. मेली की झोपली हे पाहायला नखाने एक जमिनीखालची काडी खरवडा. आत पांढरी, कडक असेल तर जिवंत आहे. नाहीतर चौरस मीटरभर तुकड्याला आठवडाभर व्यवस्थित पाणी देऊन पाहा.

पण गवताचा तुकडा हाताने ओढल्यावर गोधडीसारखा अलगद उचलला गेला तर प्रकरण वेगळं, ती हुमणी. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि पुढे पावसाळ्यात अळ्या मुळं खातात. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी सारखे उकरत असतील तर तिथे वीतभर खणून पाहा. यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

मेक्सिकन चटई वाईट नाही, पण मेमध्ये अंथरणं म्हणजे तिला तव्यावर टाकणं. शिवाय नर्सरीतली माती तिच्या मुळांना चिकटून येते. खालची काळी माती मोकळी न करता वर चटई ठेवली तर मुळं त्या पातळ थरातच घुटमळतात. टाकायचीच तर जुलैत टाका. कडुनिंबाच्या दाट सावलीत हरळी येतच नाही, तिथे लॉनचा हट्ट सोडा.

आप्पांची निम्मी गोणी पसरून झाली होती. तुमच्यापैकी कोणी तेच केलं असेल तर आज पाणी देऊ नका. नाकातोंडाला रुमाल बांधा, डोळे जपा आणि चुना कोरडा असतानाच खराट्याने गोळा करून घ्या. आम्ही दोघांनी सकाळी अडीच घमेली काढला.