ड्रोन बघायला गेलं की

ड्रोनच्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतं. मी वजन विचारतो. दुकानदाराला वाटतं, हा कांदे घ्यायला आलाय.

पण सगळी मेख वजनातच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २४९ ग्रॅमवर अडलेली मॉडेलं दिसतात ती उगाच नव्हे. आता त्याला हौसेनं पंख्यांचे गार्ड आणि लुकलुकणारा दिवा लावलात की गेला नॅनोपणा; वजन धरतात ते लादलेल्या सामानासकट. अमेरिकेतला आतेभाऊ 'येताना घेऊन येतो' म्हणाला तर त्याला चॉकलेटंच आणू द्या. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

मग समोर येतो तीन हजारांचा 'फोर-के'वाला. त्यातलं फोर-के बहुधा ॲपनं ताणून मोठं केलेलं असतं. मोटर ब्रशवाली, म्हणजे काही तासांच्या उड्डाणात झिजणारी. जीपीएस नाही, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की ड्रोन शेजारच्या सोसायटीचा. पोटाखालचा छोटा कॅमेरा जमीन बघून जागा धरतो खरा, पण त्याला उजेड आणि नक्षी लागते. गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर बिचारा भरकटतो. शिकायला हरकत नाही, गच्चीवर नको. माझं मत विचाराल तर ब्रशलेस (बिनब्रशची) मोटर आणि जीपीएस यांच्या खाली उतरू नये, मेगापिक्सेल नंतर.

खोक्यावर 'उड्डाण ३० मिनिटं' लिहिलेलं असतं. ती वारा नसताना, बॅटरी पार रिकामी होईपर्यंतची. पाव बॅटरी उरली की उतरवायचं म्हटलं तर हाती २०-२२ लागतात. तेव्हा बॅटऱ्या तीन घ्या, आणि पूर्ण चार्ज करून कपाटात टाकू नका, फुगतात. निम्म्यावर, बॅटरीतल्या प्रत्येक सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा.

पंखे दोन प्रकारचे येतात, दोन उजवीकडे फिरणारे, दोन डावीकडे. खुणा न बघता बसवले की ड्रोन उडायच्या आधीच कोलांटी मारतो. कडेला बारीक टवका उडालेला पंखाही बदला, नाहीतर व्हिडिओत अख्खी इमारत जेलीसारखी हलते.

आणि गच्ची! स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्र बिघडतं. मग एका जागी थांबायचं सोडून ड्रोन मोठमोठी वर्तुळं घालत सुटतो. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा जुळवून घेणं, मोकळ्या मैदानात करा. 'घरी परत' हे बटण दाबल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून परततो ती पाण्याच्या टाकीपेक्षा आणि आसपासच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा बरीच जास्त लावा, कारण तो सरळ रेषेत येतो आणि मध्ये कोण आहे हे स्वस्त मॉडेलं बघत नाहीत. वरची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर, तीही सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरवी असेल तर. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटर लाल. म्हणजे पुण्यात विमाननगरला राहणाऱ्यानं आधी नकाशा उघडावा, मग पाकीट.

संक्रांतीच्या आठवड्यात मांजा असतो, तेव्हा ड्रोन पिशवीतच राहू द्या. घार अंगावर आली तर पळवू नका, सरळ वर न्या. उभं चढणं तिला तितकंसं जमत नाही.