इनोच्या फेसाने बर्नरची भोकं उघडत नसतात

फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘रात्री बर्नर गरम पाण्यात टाका, लिंबू पिळा, इनोची पुडी सोडा. सकाळी भोकं आपोआप मोकळी, ज्योत निळी, सिलिंडरही जास्त दिवस पुरतं.’

आधी फेसाचं बघू. इनोतला सोडा आणि लिंबाचं आम्ल एकमेकांचा जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड फसफसून उडून जातो आणि बर्नर रात्रभर उरलेल्या खारट पाण्यात पडून राहतो.

पितळ उजळतं, हे खरं. बोअरच्या पाण्याने धुऊन धुऊन बसलेला पांढरा क्षारही लिंबाने सुटतो. पण त्याला नुसतं लिंबू किंवा चिंच पुरते, तीही दहा-पंधरा मिनिटं. आम्लात फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त झिजतं, तांबूस डाग पडतात.

आता भोकं. लातूर-परभणीकडे ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर फुगवतात. तिचं पीठ झडतं, त्यात दूध उतू जातं, वरणाचा फेस ओघळतो. हे सगळं जळून कोळसा होतं आणि कोळसा लिंबात विरघळत नाही. तो कोरूनच काढावा लागतो. गार झालेला बर्नर साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, मग टाचणीने एकेक भोक मोकळं करा. काडेपेटीची काडी नको, टोक आतच मोडतं. उलटा करून ठोका, उजेडाकडे धरा. एखादं भोक अंधारं दिसलं तर पुन्हा टाचणी. पूर्ण वाळल्यावरच बसवा.

निळ्या ज्योतीचा दावा तर अर्धवटच आहे. एक भाग गॅस नीट जळायला साधारण 25 ते 30 भाग हवा लागते. त्यातली काही हवा शेगडीखालच्या नळीच्या तोंडातून आत ओढली जाते. तिथं कोळ्याने जाळं केलं असेल, तर बर्नर कितीही चकाकू द्या, कढईचं बूड काळं होणारच. सिलिंडर बंद करून त्या नळीत बारीक ब्रश फिरवा. नळीच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या छोट्या जेटमध्ये मात्र टाचणी घालू नका. त्याचं भोक रुंदावलं की गॅस जास्त येतो नि ज्योत पुन्हा पिवळी. जेट मिस्त्रीकडून बदलून घ्यावा.

सिलिंडर किती पुरतं, ते बर्नरपेक्षा डाळ कुकरमध्ये शिजते की उघड्या पातेल्यात, यावर जास्त ठरतं.

जोडल्यावर गॅसचा वास आला तर काडी, विजेचं बटण कशालाच हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा.