वीस रुपयांचा स्क्रू

परवा पुण्यात, इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका स्क्रूचे वीस रुपये मोजून आलो. काळा, तीन एमएमचा, नखाएवढा स्क्रू. तसले मूठभर घेतले तरी एवढे पैसे होत नाहीत. पण ते नंतर.

काम साधं होतं. गच्चीवर ३३५ वॉटचं एक सोलर पॅनल, जिन्याखाली १५० एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठवण) ट्यूब्युलर बॅटरी, आणि मध्ये लावायला, बॅटरी बेताने भरणारा चार्ज कंट्रोलर हवा होता. दुकानदारानं काउंटरवरून निळा डबा सरकवला. "एमपीपीटी. साठ ॲम्पिअर. सातशे."

हातात घेतला. वजन वडापावाएवढं. खरा एमपीपीटी पॅनलचे जास्तीचे व्होल्ट उतरवून ॲम्पिअर वाढवतो. त्यासाठी आत जाड तांब्याच्या तारेची कॉइल लागते, पाठीला उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमचं हीटसिंक लागतं. तीस ॲम्पिअरचा खरा डबा किलोभर तरी भरतो. हा साठचा, आणि वाऱ्यानं उडेल असा.

"घेऊन टाका साहेब," शेजारून आवाज आला. "साठ आहे. मोठं कधीही चांगलं."

हे गृहस्थ पंख्याचा कंडेन्सर घ्यायला आले होते. जुना कंडेन्सर रुमालात गुंडाळून आणला होता, अस्थी आणाव्यात तसा.

"अहो, पण याच्या टर्मिनलमध्ये चार स्क्वेअर एमएमची वायर जेमतेम जाईल," मी म्हणालो. "साठ ॲम्पिअरला सोळा स्क्वेअर एमएमची लागते. एवढा करंट यातून गेला तर टर्मिनल वितळेल."

"म्हणून तर मोठं घ्यायचं!"

यावर काय बोलणार? दुकानदार मात्र त्यांच्याकडे कौतुकानं बघत होता.

"आमच्या मेव्हण्यानं तर कंट्रोलर-बिंट्रोलर काही लावलेलंच नाही," ते सरसावले. "पॅनलमधून डायरेक्ट बॅटरीत. सहा वर्षं झाली."

"आणि बॅटरी?"

"चौथी."

लोक नातवाचे दहावीचे मार्क सांगतात त्या थाटात सांगितलं. मेव्हण्याकडे काय घडत असणार ते मला दिसत होतं. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढवायची, भरत आली की साडेतेराच्या आसपास धरून ठेवायची. डायरेक्ट पॅनलला हे कोण सांगणार? ते पंधरा-सोळापर्यंत रेटत राहतं. ॲसिडमधलं पाणी बुडबुडे होऊन उडतं, लेव्हल खाली जाते, प्लेटा उघड्या पडतात आणि बॅटरी मरते. हे सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणालो, "कंट्रोलर म्हणजे टाकीचा बॉलकॉक समजा."

चूक झाली. गृहस्थांच्या टाकीचा बॉलकॉक दिवाळीपासून बिघडलेला होता. प्लंबर दोनदा येऊन गेला, एकदा पान्हा विसरला, दुसऱ्यांदा स्वतः यायचं विसरून भाच्याला पाठवलं. दहा मिनिटं गेली. दुकानदारानं मध्येच त्यांना चहासुद्धा दिला. मला नाही.

तोवर मी डब्याच्या मागची मुंगीच्या अक्षरांतली ओळ वाचून घेतली. बारा व्होल्टची बॅटरी असेल तर पॅनल २५ व्होल्टच्या आत. माझं पॅनल ७२ सेलचं, त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारं, ४६. तेही २५ अंशाला. गारठा वाढला की व्होल्टेज चढतं, अंशामागे साधारण ०.३ टक्के. पुण्यात पहाटे आठ अंश असताना तेच पॅनल ४८ च्या पुढे जाणार. म्हणजे हा डबा जानेवारीतल्या पहिल्याच कोवळ्या उन्हात धूर सोडणार, आणि वॉरंटी विचारली की "चालू करून दिला होता ना काका" हे उत्तर.

समजा नाही जळला, तरी हिशेब बघा. एमपीपीटीचं स्टिकर लावलेला हा पीडब्ल्यूएम. म्हणजे नुसता स्विच. पॅनल उन्हात ३८ व्होल्टला पावणेनऊ ॲम्पिअर देतं; हा त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचून आणतो आणि ॲम्पिअर नऊच्या फारसे वर जात नाहीत. नऊ गुणिले तेरा, ११७ वॉट. उरलेले दोनशेवर वॉट गच्चीवर ऊन खात बसणार. खरा एमपीपीटी तापलेल्या पॅनलमधूनही वीसेक ॲम्पिअर काढतो. म्हणून मला तीसचा पुरे होता, करंटची मर्यादा सेट करता येणारा. १५० एएचच्या बॅटरीत पंधरा-वीसच्या वर कशाला कोंबायचं? पॅनल ३६ सेलचं, अठरा व्होल्टवालं असतं तर मी मुकाट पीडब्ल्यूएमच घेतला असता, तोही पीडब्ल्यूएम म्हणून विकला असता तर. राग स्वस्त मालाचा नाही, स्टिकरचा आहे.

"उघडून बघू का?"

"बघा ना काका, आपलंच दुकान."

चार स्क्रू काढले. आत एक चिप, तीन पायांचे चार ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर. कॉइलचा पत्ता नाही. डबा दुकानदारापुढे धरला. त्यानं आत पाहिलंच नाही. त्यानं स्क्रू मोजले.

"तीनच आहेत."

चौथा घरंगळला होता. मी काउंटरखाली वाकून शोधला. स्क्रू सापडला नाही. "आता हा पीस कोण घेणार काका?" म्हणून वीस रुपये.

उघडता येत नसेल त्यांनी घरी लावल्यावर मीटरनं बघावं. माझ्यासारखं ७२ सेलचं पॅनल बारा व्होल्टच्या बॅटरीला असेल, तर भर दुपारी, बॅटरी अर्धी रिकामी असताना कंट्रोलरच्या पॅनलकडच्या टर्मिनलवर तेरा-चौदा व्होल्ट दिसले तर तो पीडब्ल्यूएम, तिशीच्या वर दिसले तर एमपीपीटी. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलटं. कंट्रोलर बॅटरीवरून बारा की चोवीस ते ओळखतो, आधी पॅनल जोडलं तर चुकीचं ओळखतो किंवा जळतो. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, कंट्रोलरच्या बल्बचं चित्र असलेल्या टर्मिनलला नाही. आणि घरातला जुना इन्व्हर्टर रात्रभर लाईटवर बॅटरी भरत असेल तर सकाळी सूर्याला कामच उरत नाही, हे तर कुठलाच दुकानदार सांगत नाही. इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद ठेवावं लागतं.

गृहस्थांचा जुना कंडेन्सर अडीच मायक्रोफॅरडचा निघाला. त्यांनी चारचा घेतला. वाइंडिंग तापेल, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

पायरी उतरताना त्यांची चप्पल टक टक वाजली. त्यांनी पाय उचलून चपलेचा तळ पाहिला, रुतलेला स्क्रू उपटला आणि मागे वळून दुकानदाराच्या हातात दिला. त्यानं तो गल्ल्यात टाकला.

"बरं झालं मिळाला," मला म्हणाला. "अजून काय देऊ काका?"